स्वमग्नता व गणिती प्रज्ञा : बालकांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा इतिहास

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित असलेली व बालपणापासून दिसून येणारी अवस्था होय. सामाजिक देवाणघेवाण व संभाषण यांत येणाऱ्या अडचणी हे तिचे एक लक्षण, तर वर्तनातील व आवडींतील ठरीवपणा आणि आवाज, प्रकाश, स्पर्श इ. संवेदनांना मिळणारा वेगळा प्रतिसाद हे दुसरे. लक्षणांची तीव्रता प्रत्येक बालकात निराळी असते. काही स्वमग्न बालकांत संख्या, आकृतिबंध व गणिती नियम यांची विलक्षण ओढ आढळते. अशा बालकाला कसे वाढवावे व कसे शिकवावे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांच्यापुढे आहे.

मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ असला, तरी त्यावरून बालक हेतुपुरस्सर इतरांकडे पाठ फिरवते असा समज होण्याचा संभव असतो. तो बरोबर नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक स्वमग्न बालक गणितात असामान्य असते, हा समजही निराधार आहे. अनेकांची गणितातील गती सर्वसाधारण असते, तर कित्येकांना गणित अवघड जाते. गणिती प्रज्ञेतही दोन प्रकार वेगळे काढावे लागतात. पहिला प्रकार म्हणजे शीघ्र आकडेमोड, तारखेवरून वार सांगणे यांसारखे कौशल्य. दुसरा म्हणजे नियम शोधणे, सिद्धता देणे व अमूर्त संबंध जाणणे. एकाच बालकात हे दोन्ही गुण असतीलच असे नाही.

ऐतिहासिक आढावा : स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांनी १९११ मध्ये छिन्नमानस या विकाराचे वर्णन करताना ‘ऑटिझम’ ही संज्ञा वापरली, बालकांच्या या स्वतंत्र अवस्थेशी तिचा तेव्हा संबंध नव्हता. मॉस्को येथील ग्रून्या सुखारेवा (१८९१–१९८१) यांनी १९२५ मध्ये सहा मुलांची जी निरीक्षणे प्रसिद्ध केली, ती आजच्या वर्णनाशी बरीच जुळतात. पण त्यांच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. बॉल्टिमोर येथील लीओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये ११ बालकांवरील निबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ही अवस्था स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली.

कॅनर यांच्या निबंधातील पहिले बालक डॉनल्ड ट्रिप्लेट (१९३३–२०२३) हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी वाढलेल्या या मुलाला संख्यांची व मोजमापांची अनिवार ओढ होती. वैद्यकीय सल्ल्यानुसार १९३७ मध्ये त्याला एका संस्थेत ठेवण्यात आले. परंतु सुमारे एका वर्षाने आईवडिलांनी त्याला घरी परत आणले. वडिलांनी त्याच्या वर्तनाविषयी लिहिलेले ३३ पानी पत्र हाच पुढे कॅनर यांच्या निबंधाचा एक प्रमुख आधार ठरला. १९४२ मध्ये गावाजवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे त्याची व्यवस्था करण्यात आली. ते शिकलेले तज्ज्ञ नव्हते. पण त्यांनी अवलंबिलेली रीत आजही मार्गदर्शक वाटते. मुलगा सारखी मोजमापे करतो असे पाहून त्यांनी त्याला विहीर खणण्याच्या कामाला लावले व तिची खोली मोजून सांगण्यास सांगितले. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजत असे, तेव्हा त्यांनी त्याच्या हाती नांगर देऊन नांगरता नांगरता ओळी मोजावयास लावल्या. कॅनर यांनी १९४५ मध्ये तेथे भेट दिली, तेव्हा तो घोडा व नांगर सफाईने हाताळत होता आणि गावच्या शाळेतही जात होता. तेथे त्याच्या विक्षिप्तपणाचा कोणी बाऊ करीत नसे. पुढे तो १९५८ मध्ये पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस लागला व अखेरपर्यंत त्याच गावी राहिला. मोजण्याची सवय मोडून काढण्याऐवजी तिला काम देण्यात आले आणि त्या कामातून माणसांशी संबंध जुळला, हे या उदाहरणाचे सार होय.

व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर (१९०६–८०) यांनी १९४४ मध्ये वर्णिलेल्या मुलांपैकी एकाची हिशेबाची रीत शाळेच्या रीतीहून सर्वस्वी निराळी होती. ५८ अधिक ३४ ही बेरीज तो ६० अधिक ३२ अशी करी. रीत चतुर असली, तरी कित्येकदा ती इतकी गुंतागुंतीची होई, की उत्तर चुके. आणि शिकविलेली रीत तो स्वीकारीत नसे, म्हणून शिक्षकांना तो उद्धट वाटे. आस्पेर्गर यांनी अशा मुलांचा कैवार घेतला, असे दीर्घकाळ मानले जात होते. तथापि ज्या मुलांना त्यांनी शिक्षणास अपात्र ठरविले, त्यांपैकी काहींना नाझी राजवटीत बालहत्या होत असलेल्या संस्थेकडे पाठविण्यात त्यांचा सहभाग होता, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेर्विग चेक यांच्या संशोधनाने दाखवून दिले. बुद्धिमत्ता ही जगण्याच्या हक्काची अट ठरली म्हणजे काय घडते, याचा हा दाखला होय. गणिती बालकाचा गौरव करताना, ज्या बालकाजवळ असा गुण नाही त्याचे मोल कमी लेखले जाणार नाही, ही दक्षता त्यामुळेच आवश्यक ठरते.

यानंतरच्या दोन दशकांत पालकांवर, विशेषतः मातांवर, दोषारोप झाला. आईच्या मायेचा अभाव हे स्वमग्नतेचे कारण होय, हे मत ब्रूनो बेटेलहाइम (१९०३–९०) यांच्या १९६७ मधील ग्रंथामुळे सर्वत्र पसरले. त्यापूर्वीच १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड (१९२८–२००६) या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, कारणे जैविक असल्याचे साधार प्रतिपादन केले होते. जुळ्या भावंडांवरील १९७७ मधील ब्रिटिश संशोधनाने आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट केला. रिमलंड यांनी १९७८ मध्ये पालकांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे सु. १० टक्के स्वमग्न बालकांत एखादे असामान्य कौशल्य असल्याचे नमूद केले. लॉर्ना विंग (१९२८–२०१४) यांच्या १९८१ मधील निबंधामुळे आस्पेर्गर यांचे काम इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले आणि बोलण्यात व बुद्धीत तरबेज असणारी बालकेही या अवस्थेच्या कक्षेत आली. १९८८ मधील रेन मॅन या चित्रपटाने स्वमग्न व्यक्ती म्हणजे चालते गणकयंत्र, अशी प्रतिमा लोकमानसात रुजविली. तिने कुतूहल वाढविले. पण शिक्षणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात या विषयाशी संबंधित असे दोन शैक्षणिक प्रवाह निर्माण झाले आणि ते दीर्घकाळ एकमेकांपासून अलग राहिले. पहिला प्रवाह विशेष शाळांचा. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ मध्ये, तर पुण्यातील कामायनी ही संस्था १९६४ मध्ये सुरू झाली. बौद्धिक विकासात मागे पडलेल्या बालकांसाठी या संस्थांनी मोठे काम केले. स्वमग्नतेचे स्वतंत्र निदान दुर्मिळ होते, त्या काळात अनेक स्वमग्न बालकांची गणना मतिमंदांतच होत असे. दुसरा प्रवाह प्रज्ञावान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे (१९१६–८३) यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. तिची प्रशाला १९६९ मध्ये सुरू झाली. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) यांनी १९७६ मध्ये पुण्यातच भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. यांखेरीज शालेय शिष्यवृत्ती परीक्षा, गणित अध्यापकांच्या संघटनेच्या प्रावीण्य व प्रज्ञा परीक्षा, तसेच गणित ऑलिंपियाडसारख्या स्पर्धा यांमधून गणिती गुणांचा शोध घेण्यात येतो.

ज्या बालकात स्वमग्नता व गणिती प्रज्ञा ही दोन्ही असतात, ते या दोन प्रवाहांच्या मध्ये सापडते. विशेष शाळेत त्याची दैनंदिन कौशल्ये सुधारतात, परंतु बीजगणित त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रज्ञाशोधाच्या चाळणीत तोंडी सूचना, घड्याळाचा धाक, अनोळखी व गजबजलेली परीक्षाकेंद्रे, काही ठिकाणी मुलाखत हे सर्व आड येते. परिणामी एका ठिकाणी त्याचा गुण दिसत नाही व दुसऱ्या ठिकाणी त्याची अडचण दिसत नाही.

कायद्याच्या क्षेत्रातही हा बदल सावकाश झाला. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. पालकांच्या संघटनांच्या प्रयत्नांनंतर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तिचा स्पष्ट उल्लेख झाला. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी स्थापन केलेल्या अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम या संस्थेचे कार्य या काळात महत्त्वाचे ठरले. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा अधिनियम २०१२ मध्ये दुरुस्त करून त्यात विकलांग बालकांविषयी स्पष्ट तरतूद करण्यात आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेची गणना केली. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क या अधिनियमाने दिला. तसेच परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांसारख्या सवलतींची तरतूद केली. या सवलती उणीव भरून काढणाऱ्या आहेत. गुणाला वाव देण्याचे काम शाळेवरच राहते.

संगोपन व अध्यापन : दिनक्रम निश्चित असणे व त्यातील बदल आगाऊ, शक्यतो चित्रांच्या वा लेखी तक्त्याच्या साहाय्याने सांगणे, ही घरच्या संगोपनातील पहिली गरज असते. भाषा थेट असावी लागते. ‘डोके खाऊ नकोस’ यासारखा वाक्प्रचार असे बालक शब्दशः घेण्याचा संभव असतो. मराठी संख्यानामांतही अशी कोडी आहेत. ‘पंचवीस’ या शब्दात एकक आधी येतो व दशक नंतर. लिहिताना क्रम उलटा होतो. ‘एकोणतीस’पासून ‘एकोणनव्वद’पर्यंत एक उणे करण्याचा नियम चालतो, नव्याण्णवला मात्र तो मोडतो. नियमांवर प्रेम करणारे बालक येथे अडते किंवा रमते. बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस पाच’ अशा संख्यावाचनाचा समावेश झाला, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला. परंतु हा प्रश्न अशा बालकांच्या दृष्टीने क्वचितच पाहिला गेला.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही पाठांतराची जुनी परंपरा तीव्र स्मरणशक्तीच्या बालकाला सहज साधते. मात्र पाठांतर म्हणजे आकलन नव्हे. म्हणून औटकीतील एखादे उत्तर वस्तू मांडून पडताळून घेणे इष्ट. याउलट ज्याचे आकलन तीव्र असते, ते बालक केवळ उत्तर लिहिते व पायऱ्या गाळते, आणि पायऱ्यांचे गुण गमावते. मनात उत्तर स्पष्ट असताना ते पुन्हा कशासाठी लिहावे, हे त्याला उमगत नाही. पायऱ्या या स्वतःसाठी नसून, ज्याला उत्तर माहीत नाही अशा दुसऱ्या माणसासाठी असतात, हे त्याला समजावून द्यावे लागते. समोरच्याला काय ठाऊक नाही हे ओळखणे, हीच त्याची मूळ अडचण असल्याने गणिताची वही येथे सामाजिक शिक्षणाचेही साधन बनते.

देवळाली येथील शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ हा स्थिरांक असाच उपयोगी पडतो. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांची उतरत्या व चढत्या क्रमाने मांडणी करावी आणि वजाबाकी करावी. ही कृती पुनःपुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, उदा., ३५२४ पासून ३०८७, नंतर ८३५२ व मग ६१७४. एक वजाबाकी बालकाने व पुढची भावंडाने किंवा वर्गमित्राने करावी, असा क्रम ठेवल्यास ज्या खेळात ते अन्यथा एकटेच रमले असते, त्यात आपली पाळी येईपर्यंत थांबणे व दुसऱ्याच्या कृतीकडे लक्ष देणे त्याला साधते. गणित बक्षीस म्हणून देणे वा शिक्षा म्हणून काढून घेणे मात्र टाळावे. कारण अशा बालकाला ते अनेकदा विसाव्याचेही स्थान असते.

पनवेल–उरण परिसर : अंतराचा प्रश्न किती निर्णायक असतो, हे रायगड जिल्ह्यातील द्रोणागिरीच्या उदाहरणावरून कळते. उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराच्या नावाने ओळखला जाणारा हा विभाग सिडकोने (स्थापना १९७०) योजलेल्या नवी मुंबईच्या नगर-विभागांपैकी एक होय. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यानंतर या भागात बाहेरून आलेल्या कुटुंबांची वस्ती वाढली. राष्ट्रीय स्तरावरील बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचे (स्थापना सिकंदराबाद, १९८४) प्रादेशिक केंद्र पनवेल तालुक्यातील खारघर येथे आहे. उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली व द्रोणागिरी हे तिच्यावरील एक स्थानक झाले. त्यामुळे निदान व मार्गदर्शन यांसाठीचा प्रवास सुकर झाला. परंतु गर्दी, गोंगाट व अनिश्चितता सहन न होणाऱ्या बालकाने शिक्षणासाठी रोज असा प्रवास करणे कठीण असते. तज्ज्ञ दूरच्या केंद्रात असला तरी चालतो. शिक्षक जवळच असावा लागतो. गावातील जिल्हा परिषदेची किंवा वसाहतीतील सर्वसाधारण शाळाच म्हणून या शिक्षणाचा खरा आधार ठरते.

या शाळेतील शिक्षकाला दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात. गणितात बालकाला इयत्तेच्या पुढे जाऊ द्यावे लागते आणि संभाषण, लेखन व स्वावलंबन यांत इयत्तेच्या मागूनही शिकवावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सर्वसमावेशक शिक्षण व विशेष प्रतिभेचे संवर्धन या दोहोंचा पुरस्कार केला आहे. पण त्यांचे लाभार्थी एकच बालक असू शकते, ही जाणीव शाळेच्या वेळापत्रकात उतरणे अद्याप बाकी आहे. मिसिसिपीतील त्या शेतकरी दांपत्याने मुलाच्या मोजण्याला नांगराची जोड दिली, ती कोणत्याही धोरणाविना. बालकाला जे येते तेथून आरंभ करून जे येत नाही तेथपर्यंत त्याला सोबत करणे, हेच त्यांच्या कृतीचे सूत्र होते आणि या शिक्षणाचा पायाही तोच आहे.