मिश्रण आणि नमुना : स्वभावसिद्धान्ताचा वाङ्मयीन इतिहास

साहित्यसमीक्षेत पात्रांविषयी लिहिताना ‘तापट’, ‘विषण्ण’, ‘उल्हासी’, ‘मंद’ अशी विशेषणे विनासायास योजली जातात. माणसांचे काही मूलभूत प्रकार असतात आणि पात्र हे त्यांपैकी एकाचे उदाहरण असते, हे गृहीत त्यांच्या मुळाशी असते. या गृहीताला प्राचीनतेचे पाठबळ म्हणून ग्रीक वैद्यकातील चार द्रवांचा दाखला दिला जातो : रक्ताच्या आधिक्याने उल्हासी, पिवळ्या पित्ताच्या आधिक्याने तापट, काळ्या पित्ताच्या आधिक्याने विषण्ण आणि कफाच्या आधिक्याने मंद प्रकृती. पाठ्यपुस्तकांनी सुपरिचित केलेला हा चौकोन ज्या ग्रंथकारांच्या नावावर सांगितला जातो, त्यांच्याकडे तो या रूपात आढळत नाही. प्राचीन वैद्यकाचा मुख्य विषय मिश्रण हा होता. त्या मिश्रणाचा नमुना होण्याची प्रक्रिया बऱ्याच अंशी वाङ्मयाच्या क्षेत्रात पूर्ण झाली. ती ध्यानात घेतल्यावाचून पात्रविचाराची परिभाषा नीट तपासता येणार नाही.

हिपोक्रेटीसच्या नावे संकलित झालेल्या ग्रंथसमूहातील ‘मानवाची प्रकृती’ हा निबंध इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरचा मानला जातो. त्यातील रक्तवाहिन्यांचे वर्णन ॲरिस्टॉटलने हिपोक्रेटीसचा जावई पॉलिबस याच्या नावे उद्धृत केले आहे. निबंधाचा रोख एकतत्त्ववाद्यांवर आहे. माणूस एकाच द्रव्याचा बनलेला असता तर त्याला वेदनाच झाली नसती, असा त्याचा युक्तिवाद आहे. चारही द्रव प्रत्येक शरीरात असतात. वसंतात रक्त, उन्हाळ्यात पिवळे पित्त, शरदात काळे पित्त आणि हिवाळ्यात कफ प्रबळ होतो. त्यांचे प्रमाणशीर मिसळणे म्हणजे आरोग्य आणि एखादा द्रव वेगळा पडणे म्हणजे रोग. या मांडणीत चार तऱ्हांची माणसे दिसत नाहीत. दिसतो तो ऋतुमानानुसार चार अवस्थांतून जाणारा एकच माणूस.

गेलेनने (इ.स. १२९ – सुमारे २१६) ‘मिश्रणांविषयी’ या ग्रंथात हा विचार पुढे नेला. उष्ण-शीत आणि आर्द्र-शुष्क या जोड्यांतून त्याने नऊ मिश्रणे कल्पिली : चार साधी, चार संयुक्त आणि एक सम. सम मिश्रणाचे उदाहरण म्हणून त्याला तळहाताची त्वचा सुचते आणि प्रमाणबद्धतेसाठी पॉलिक्लीटसचा प्रसिद्ध पुतळा आठवतो. ‘मानवाची प्रकृती’वरील भाष्यात तो द्रवांचा स्वभावाशी संबंध जोडतो, परंतु तेथे पिवळ्या पित्ताने बुद्धीची तीक्ष्णता, काळ्या पित्ताने स्थैर्य आणि रक्ताने भोळेपणा येतो, तर कफाचा स्वभावघडणीवर काहीच परिणाम होत नाही. पाठ्यपुस्तकी चौकोनाचा एक कोपरा गेलेनच्या या भाष्यात रिकामाच आहे.

द्रव आणि स्वभाव यांची संपूर्ण सांगड उत्तर-प्राचीन काळात आणि मध्ययुगात घातली गेली. या स्थित्यंतराची खूण शब्दांच्या इतिहासातही उमटली आहे. ग्रीक ‘क्रासिस’ म्हणजे मिसळण. लॅटिन ‘टेम्परामेंटुम’ हा शब्दही योग्य प्रमाणात मिसळण्याच्या क्रियेवरून आला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलेनचे ग्रंथ अरबीत आणले. त्या वैद्यकात या संकल्पनेसाठी रूढ झालेल्या ‘मिजाज’ या शब्दाचा धातूही ‘मिसळणे’ याच अर्थाचा आहे. इब्न सीनाच्या ‘कानून’मध्ये त्याला मध्यवर्ती स्थान आहे. हाच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘मिजास’ या रूपात ताठा, घमेंड एवढ्या एका वृत्तीपुरता आक्रसला. अनेक घटकांचा मेळ सांगणारा शब्द एका लकबीचे नाव झाला. स्वभावसिद्धान्ताचे जे झाले, त्याचेच हे लहानसे प्रतिरूप होय.

नमुन्याची परंपरा मुळात वेगळी आहे. थिओफ्रास्टसने इ.स.पू. चौथ्या शतकात लिहिलेल्या ‘स्वभावचित्रे’ या कृतीत तीस रेखाटने आहेत. खुशामती, बडबड्या, कंजूष अशी ही माणसे काय करतात आणि काय बोलतात, एवढेच तेथे सांगितलेले आहे. शरीरातील द्रवांचा आधार त्यांना दिलेला नाही. त्यांच्यामागे नागर व्यवहाराचे निरीक्षण आहे. कासोबाँने १५९२ मध्ये ही कृती संपादित करून प्रसिद्ध केली आणि तिला युरोपात नवे आयुष्य लाभले.

या दोन परंपरांना जोडणारा दुवा बेन जॉन्सनच्या सुखात्मिकांत सापडतो. ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’चा प्रयोग १५९८ मध्ये झाला, १५९९ च्या ‘एव्हरी मॅन आउट ऑफ हिज ह्यूमर’च्या प्रास्ताविक प्रवेशात ‘ह्यूमर’ची व्याख्या येते. एखादा गुण माणसाला इतका व्यापून टाकतो की त्याच्या साऱ्या वृत्ती एकाच दिशेला वाहू लागतात, अशा स्थितीला हा शब्द लावावा, असे तेथे म्हटले आहे. हा उपयोग रूपकात्मक आहे, हेही जॉन्सनचे पात्र स्पष्टपणे सांगते आणि टोपीतल्या पिसासारख्या वरवरच्या चाळ्याला ‘ह्यूमर’ म्हणणाऱ्यांची खिल्ली उडवते. नाटककाराला रूपकाची जाण होती. पुढील परंपरेत ती क्षीण होत गेली.

दरम्यान सिद्धान्ताचा वैद्यकीय पाया ढासळत गेला. हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले आणि फिर्खोने १८५८ मध्ये रोगाचे स्थान पेशींत दाखवले. तरीही चार स्वभाव टिकले. कांटने १७९८ च्या ‘मानवशास्त्रा’त त्यांची मांडणी भावना आणि कृती या दोन अंगांनी केली. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये ‘सपाट’ पात्रांची चर्चा करताना त्यांचे सतराव्या शतकातील नाव ‘ह्यूमर’ होते, असे नमूद केले. मराठी समीक्षेत स्थिरावलेल्या ‘सपाट’ व्यक्तिरेखेच्या संकल्पनेमागे अशी ही दीर्घ वंशावळ आहे.

चार या संख्येमुळे भारतीय परंपरेशी साम्य जोडण्याचा मोह होतो. तथापि नाट्यशास्त्रात देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, तर ब्राह्मण व वणिज धीरप्रशान्त मानले आहेत. हा विभाग सामाजिक स्थानाचा आहे. सुश्रुतसंहितेतील देहप्रकृती सात आहेत : एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि समदोषांची एक. म्हणजे येथेही वैद्यकाचा विचार मिश्रणाचाच आहे आणि नाट्याचा विचार त्याहून स्वतंत्र आहे.

या इतिहासाचा समीक्षेला होणारा उपयोग ‘हॅम्लेट’च्या वाचनात दिसतो. ए. सी. ब्रॅडलीने १९०४ मध्ये नायकाच्या निष्क्रियतेचा उलगडा त्याच्या विषण्णतेने केला. नाटकात मात्र हा सिद्धान्त खुद्द हॅम्लेटच्या तोंडी आला आहे. भूताची वाट पाहत असताना, प्रकृतीतील एका घटकाची अतिवाढ विवेकाची तटबंदी मोडते आणि त्या एका दोषापायी माणसाचे इतर सारे गुण लोकांच्या नजरेत डागाळतात, असे तो बोलतो. १६०४-०५ च्या दुसऱ्या क्वार्टोत असलेला हा भाग १६२३ च्या फोलिओत नाही. त्यात स्वभावाच्या उपपत्तीबरोबरच, एका लक्षणावरून माणूस निकालात काढणाऱ्या लोकमताचे वर्णनही आहे. हॅम्लेटवर ‘विषण्ण’ असा शिक्का मारणारी समीक्षा नकळत त्याच लोकमताची बाजू घेते. पात्राला प्रकारात बसवल्याने अर्थनिर्णय सुकर होतो, परंतु संहितेतील विसंगतींना त्यात जागा उरत नाही. प्राचीन वैद्य रोग्यातील चारही द्रवांचा आणि चालू ऋतूचा विचार केल्यावाचून निदान करीत नसे. पात्रचर्चेने त्याच्याकडून चार नावे उचलली. ती ज्या प्रमाणविचाराची अंगे होती, तो विचार मात्र मागेच राहिला.