पायलीचे किलो किती?

परवा नातवाने आपल्या मोबाइलवरील एक ॲप मला कौतुकाने दाखवले. एका चौकोनात फूट घातले की दुसऱ्यात मीटर हजर. पौंड घातले की किलो हजर. मी म्हटले, "एक पायली ज्वारीचे किलो किती, ते विचार बरे." पायली हा शब्द त्या यंत्राच्या गावीही नव्हता. "मग लिटर घाल," मी म्हणालो. तेव्हा कळले, की लिटरच्या खान्यातून किलोच्या खान्यात जायला त्यात वाटच नाही. "आजोबा, हे ॲप अर्धवटच आहे," असे म्हणून तो मोकळा झाला. मला मात्र त्या यंत्राचा आदर वाटला. पायली हे माप, किलो हे वजन. मापात ज्वारी आहे की पोहे, हे कळल्यावाचून वजन सांगणार कसे?

जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की समीकरणातल्या प्रत्येक पदाची मिती एकच असावी लागते. पुढे मॅक्सवेलने लांबी, वस्तुमान आणि काळ यांत इतर राशी मांडण्याची पद्धत रूढ केली. शाळकरी भाषेत सांगायचे तर, आकड्याशेजारी त्याचे एकक लिहावे आणि अपूर्णांकातल्या अंकांसारखी एककेही वरखाली छेदावीत. शेवटी हवे ते एकक उरले नाही, तर गणित चुकले. एवढी शिस्त न पाळल्याने काय घडते, ते कॅनडात १९८३ साली दिसले.

तो देश तेव्हा पौंड सोडून किलोकडे वळत होता, आणि एअर कॅनडाची नवी बोइंग ७६७ विमाने किलोत इंधन मोजत. २३ जुलैला मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेल्या अशा एका विमानाची इंधनदर्शक यंत्रणा बंद होती. म्हणून टाकीत मोजपट्टी घालून पाहिले: ७,६८२ लिटर. हवे होते २२,३०० किलो. कागदावर १.७७ हा गुणक होता. त्याने गुणून १३,५९७ आले, आणि ते किलोच आहेत असे सर्वांनी धरले. उरलेल्याचा हिशेब करून ४,९१६ लिटर इंधन भरले. ओटावात पुन्हा मोजले, पण गुणक तोच! वास्तविक १.७७ हे एका लिटर इंधनाचे पौंडांतले वजन होते. किलोत ते जेमतेम ०.८ भरते. विमान सुमारे १०,१०० किलोंवर, म्हणजे निम्म्याहूनही कमी इंधनावर निघाले होते.

'लिटरला पौंड' एवढे दोन शब्द कोणी त्या आकड्यापुढे लिहिले असते, तर लिटरला लिटर छेदला जाऊन खाली पौंड उघडे पडले असते. गुणाकारात कोणीच चुकले नव्हते. जुन्या विमानांत हा हिशेब फ्लाइट इंजिनिअर करी. नव्यात तो माणूसच नव्हता, आणि त्याचे काम नेमके कोणाकडे गेले, हेही स्पष्ट नव्हते. मला तर आकड्याच्या चुकीपेक्षा हीच चूक मोठी वाटते.

४१,००० फुटांवर इंजिने बंद पडू लागली. सुदैवाने कप्तान रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा सराव होता. गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या तळावर त्यांनी ते अजस्र विमान तरंगत उतरवले. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींची शर्यत भरली होती! विमानातली ६९ माणसे आणि खालची सारी वाचली.

हे ऐकून नातू म्हणाला, "पण आजोबा, एक लिटर म्हणजे एक किलोच ना?" पाण्याचे हे समीकरण आपल्या मनात फार खोल रुजले आहे. मी माळ्यावरून आजीची पितळी अधोली काढली. ती एकदा ज्वारीने आणि एकदा पोह्यांनी शिगोशीग भरून आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. पोह्यांच्या वेळी काटा ज्वारीच्या निम्म्यावरही गेला नाही. नातवाने दोन्ही आकडे वहीत टिपले, आणि मी न सांगता प्रत्येकापुढे लिहिले: 'अधोलीला किलो'.