टॉकीज

पौडहून पुण्याला सिनेमाला निघालेला माणूस ‘चित्रपटगृहात चाललो’ असे कधी म्हणत नाही. जुन्या पिढीतला ‘टॉकीजला’ जातो, नव्या पिढीतला नुसता ‘सिटी प्राइडला’. यातला ‘टॉकीज’ पाहण्याजोगा आहे.

इंग्रजीत ‘टॉकी’ म्हणजे बोलणारा चित्रपट. ‘मूव्ही’च्या धर्तीवर घडलेला शब्द असावा. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा आपल्याकडचा पहिला बोलणारा चित्रपट लागला. पुढे मराठीने चित्रपटाला ‘बोलपट’ म्हटले आणि ‘टॉकीज’ हे नाव वास्तूला दिले! हे पाटीमुळे झाले असावे. ‘अमुक टॉकीज’ म्हणजे मुळात अमक्यांचे बोलपट. वाचणाऱ्याने ते इमारतीचेच नाव मानले. शेवटचा अनेकवचनी ‘ज’ही मूळ शब्दाचाच भाग ठरला. लिंगाचा निकाल अजून लागलेला दिसत नाही. कोणी ‘ती टॉकीज’ म्हणतो, कोणी ‘ते’. सगळेच चित्रपट बोलू लागल्यावर ‘बोलपट’ला काम उरले नाही, ‘टॉकीज’ मात्र टिकली.

फिरती टॉकीज जत्रेत उतरे तेव्हा तिच्याभोवती फारसी शब्दांचा मेळा भरे. तंबू फारसी, पडदा फारसी. पडद्याच्या दोन्ही अंगांना माणसे बसत. मागच्यांना श्रेयनामावली उलटी दिसे. त्याच जत्रेतला पालखीचा ‘छबिना’सुद्धा फारसीच. ‘शब’ म्हणजे रात्र, ‘शबीना’ म्हणजे रात्रीचे. आधी रात्रीचा पहारा, मग देवाची रात्रीची मिरवणूक, असा अर्थ सरकलेला दिसतो.

‘मालक’ अरबी, आणि टॉकीजच्या गोष्टीत तो हवाच, कारण हा धंदा घराण्यांचा. अप्पा बळवंत चौकाजवळची ‘प्रभात’ १९३४ची. वास्तू इंदूरच्या सरदार किब्यांची, चालवली दामले कुटुंबाने. ती किब्यांकडे परतल्यावर ‘किबे लक्ष्मी’ झाली. मालकाचे आडनाव थेट पाटीवर आले. सिटी प्राइडचे मालक चाफळकर, पण पाटीवर त्यांचे नाव नाही. हे आडनाव समर्थांच्या चाफळावरून आलेले असावे. सातारा रस्ता, कोथरूड अशी सिटी प्राइडची साखळी झाली. ‘साखळी’ संस्कृत ‘शृंखला’पासून, प्राकृत ‘संकला’च्या वाटेने आलेली. शृंखला पायात पडते, साखळी दारालाही असते आणि गळ्यातही. धंद्याची साखळी हा अर्थ अगदी अलीकडचा, इंग्रजीच्या संगतीने आलेला दिसतो.

मुळशी-मावळातल्या जत्रांत तंबूच्या सिनेमाला, त्याच्या मालकाला, तिकिटाच्या वर्गांना कोणते शब्द होते? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि सांगतील तसे, त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा. कोशांत हे शब्द क्वचितच सापडतात.