लढाई सरेपर्यंत

आमच्या आजीला स्वतःचं जन्मसाल ठाऊक नव्हतं. पण विमानाच्या माळावर कुणाचं खाचर कुठे होतं, कुणाच्या बांधावर आंबा होता आणि पहिल्या पावसात पाणी आधी कुठे भरायचं, हे तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. माझं आजोळ कल्याणच्या पूर्वेला, मलंगगडाच्या वाटेवरचं. तिथली म्हातारी माणसं काळ मोजायची ती दोन खुणांनी, ‘माळ झाला त्याच्या आधी’ आणि ‘माळ झाला त्याच्या मागून’. माळ म्हणजे नेवाळीचा विमानतळ. त्यावरून कधी नियमित विमानं उडाली असतील तर ती लढाईच्या काळातच. आम्ही पाहिली ती फक्त धावपट्टी, तिच्या फटींतून वर आलेलं गवत आणि दोन्ही अंगांना पिकलेला भात.

ब्रिटिशांना हा माळ का हवासा वाटला, हे नकाशा पाहिला की कळतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. पूर्वेचा किनारा असुरक्षित झाला आणि मुंबई बंदराचा भार वाढला. बंदरात उतरलेलं सैन्य आणि सामान देशभर जायचं ते रेल्वेने आणि नाशिक-पुण्याचे दोन्ही फाटे फुटतात ते कल्याणला. म्हणून कल्याणच्या एका अंगाला लष्कराचा भलामोठा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला आणि दुसऱ्या अंगाला, १९४२-४३च्या सुमारास, नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांची जमीन विमानतळासाठी घेतली गेली. सुमारे सोळाशे एकर.

आजी सांगायची ते असं. साहेब आले, बरोबर तलाठी-पाटील. भात कापायच्या बेतात होतं. खुंट्या मारल्या, दोरी धरली आणि सांगून गेले. ‘लराई सरली का जमीन परत देतान, असा सांगलेला,’ हे तिचं वाक्य. कोणी सांगितलं, साहेबाने की पाटलाने, की धीर देण्यासाठी घरातल्याच कुणी, हे तिला नक्की सांगता यायचं नाही. मला मात्र ते वाक्य कुठून आलं असेल याचा अंदाज आहे. हिंदुस्थान संरक्षण कायदा १९३९ आणि त्याखालचे नियम, त्यातला ७५-अ हा नियम. या नियमाने सरकारला कुणाचीही जमीन लढाईच्या कामासाठी ताब्यात घेता येत होती. त्याच नियमात पुढे अशीही सोय होती, की ताब्यात घेतलेली मालमत्ता सरकारला वाटलं तर नोटीस काढून कायमची आपल्या मालकीची करता यावी. पहिल्या प्रकारात लढाई संपली की जमीन मूळ मालकाकडे जायची, दुसऱ्यात जायची नाही. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कसा कळावा? दोन्ही वेळा साहेब तोच, दोरी तीच.

मोबदल्याचीही तरतूद कायद्यात होती. आपसांत रक्कम ठरली तर ठीक, नाही तर लवाद नेमायचा. पण मोबदला मागायला कागदावर नाव हवं. आमच्याकडची निम्मीअधिक कुटुंबं सावकाराच्या, खोताच्या जमिनीवर कुळं होती. मक्ता भरायचा, पावती मिळाली तर मिळाली. लवादापुढे जाऊन हक्क सांगणारं कूळ मी तरी कुठल्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

हा संरक्षण कायदा ३० सप्टेंबर १९४६ रोजी संपला. जमिनीवरचा ताबा मात्र त्याच्यासोबत संपला नाही. ताबा चालू ठेवण्यासाठी १९४७ साली वेगळा कायदा झाला आणि १९५२ साली आणखी एक. एव्हाना गोरे गेले होते. गंमत म्हणायची तर अशी, की गोरे गेल्यावर लोक गुपचूप पुन्हा माळावर उतरले आणि नांगर धरला. कुणी हाकललं नाही. आजीच्या लेखी ‘लढाई सरली’ ती तेव्हा. भात, काकडी, भेंडी, वाल, सगळं पिकलं. त्यावर दोन पिढ्यांची लग्नं झाली.

त्यांच्या पदरात खरा धोंडा पडला तो १ एप्रिल १९५७ रोजी. कूळकायद्याने त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाणार होतं. ठाणे जिल्ह्यात हजारो कुळांचं नशीब त्या तारखेने पालटलं. पण सरकारच्या मालकीच्या जमिनीला त्याच कायद्याच्या ८८व्या कलमाने सूट होती. शेजारच्या गावातलं कूळ मालक झालं. माळावरचं कूळ, तोच नांगर, तोच भात, पण कागदावर सरकारी जमिनीत घुसलेलं. १९४२च्या नियमाने नुसती जमीन गेली असं नाही, पंधरा वर्षांनी येणारा हक्कही त्याच्यासोबत गेला. २०१७ला नेवाळीत शेतकऱ्यांचा भडका उडाला, तेव्हा वर्तमानपत्रांतून जी चर्चा झाली, तीत हे फारसं कुणी मांडलं नाही, याचं मला नवल वाटतं.

आता त्याच लढाईतला आमच्या घरातला दुसरा माणूस. आईचे मामा. आम्ही त्यांना बसरेवाले आजोबा म्हणायचो, कारण लष्कराची लॉरी चालवत ते इराकपर्यंत गेले होते. इकडे बहिणीच्या खाचरात खुंट्या पडत होत्या आणि हे तिकडे त्याच सरकारचं पेट्रोल वाहत होते. लढाई संपल्यावर इतर लाखो सैनिकांसारखे तेही घरी आले. पेन्शन नाही. शिपायाच्या पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागायची आणि लढाई तर सहा वर्षांतच आटोपली! थोडी एकरकमी बक्षिसी आणि रेल्वेचा पास, बस.

त्यांचं डिस्चार्ज बुक मी हाताळलेलं आहे. खाकी पुठ्ठा, आत उंची फूट-इंचांत, गालावरच्या तिळाची नोंद, अंगठ्याचा ठसा, आणि वर्तणुकीच्या रकान्यात ‘फार चांगली’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द. हे बुक त्यांनी पत्र्याच्या पेटीत बिब्बे आणि कडुनिंबाच्या पाल्यात जपलं. त्यांच्या माघारी कामाला आलं ते तेच. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या पण पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. मामीआजीला ती मिळाली. उतारवयात तिच्या औषधपाण्याची सोय त्या एका पुस्तिकेने केली.

तिकडे पंजाबात याच इंग्रजांनी कालव्याच्या पाण्याखालच्या वसाहती काढून फौजेतल्या माणसांना चौकोनच्या चौकोन जमिनी दिल्या होत्या, १९१२चा वेगळा वसाहत कायदा करून. भरतीचा पट्टा तो, म्हणून राजनिष्ठेची किंमत जमिनीत मोजली. आमच्या कोकणपट्टीतही शूरांची वाण नव्हती. माणगावच्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून कामी आले. पण बसरेवाल्या आजोबांसारख्या लॉरीवाल्याला कालव्याकाठची जमीन कोण देणार?

कल्याणच्या दुसऱ्या अंगाच्या त्या ट्रान्झिट कॅम्पचं काय झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. सैन्य गेलं, बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीनंतर कराचीहून आगबोटींनी मुंबईला उतरलेल्या सिंधी निर्वासितांना सरकारने तिथे आणून ठेवलं. लाखाच्या घरात माणसं. पंजाब-बंगालचे दोन तुकडे झाले, पण सिंध अख्खा पलीकडे गेला, त्यामुळे यांच्या वाट्याला ‘आपला’ असा इकडचा जिल्हाच नव्हता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी उल्हासनगरची कोनशिला बसवली. तरी लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर दोन, कॅम्प नंबर पाच असंच सांगतात.

कॅम्प दोनमधले एक कापडवाले काका माझ्या वडिलांचे स्नेही. त्यांच्याकडून मी ‘क्लेम’ हा शब्द ऐकला. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून आठ-दहा कुटुंबं, आणि प्रत्येकाच्या ट्रंकेत सिंधमधल्या घराचा कागद. १९५०च्या कायद्याने ते क्लेम तपासले, १९५४च्या कायद्याने भरपाई ठरली. मोठ्या क्लेमवाल्याला टक्केवारीने कमी, लहान क्लेमवाल्याला जास्त. भरपाईतून बराकीतल्या खोल्या लोकांच्या नावावर झाल्या. ‘शिकारपूरची हवेली गेली आणि दोन खोल्या आल्या, पण आल्या,’ असं काका म्हणायचे. त्यांचा हेवा करण्याचं कारण नाही. गाव सुटलेल्या माणसाला कागद मिळाला, हे योग्यच झालं. पुढे उल्हासनगरात बेकायदा बांधकामांचा डोंगर झाला, तेव्हा तो नियमित करण्यासाठी २००६ साली विधिमंडळाने एका शहरापुरता खास कायदा केला. सरकारला मनावर घ्यायचं असलं की वाट काढता येते, एवढंच मला त्यावरून म्हणायचं आहे.

नेवाळीला तशी वाट निघाली नाही. माळाचा ताबा सांगणाऱ्या नौदलाने त्याभोवती भिंत घालायला सुरुवात केली, पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यांना आत जायची बंदी झाली आणि २२ जून २०१७ रोजी भडका उडाला. पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले, छर्ऱ्यांनी शेतकरी जखमी झाले. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. सरकारचं म्हणणं, जमीन रीतसर संपादित झालेली आहे. शेतकऱ्यांचं म्हणणं, ती लढाईपुरती घेतली होती. दरम्यान कल्याण-शीळ रस्त्यालगत टोलेजंग इमारती उठल्या. मी स्वतः डोंबिवलीत अशाच एका इमारतीत राहतो. एकराचा भाव पाहून काहींना माळाची आठवण आली, हा आरोप पूर्ण खोटा आहे असंही नाही. पण आजीने बांधावरचा आंबा सांगितला तेव्हा त्या जमिनीला कुणी कुत्रं विचारत नव्हतं.

आता वाद सुटायचा तर तो भावनेवर सुटणार नाही. नियम ७५-अ खाली नुसता ताबा घेतला की मालकीची नोटीस निघाली, मोबदला कुणाच्या नावे आणि किती दिला, याचं उत्तर १९४२ ते १९४६च्या कागदांत आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यात कलम ८(३) आहे. वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनांची माहिती काही मोजके अपवाद सोडून द्यावीच लागते. तेव्हा आजोळच्या आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांना माझं एवढंच सांगणं आहे. गावच्या जुन्या फेरफारांच्या आणि त्या काळच्या सातबाऱ्यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा, नोटिसांच्या आणि निवाड्यांच्या प्रती मागा, घरातल्या पेट्यांतल्या मक्त्याच्या पावत्या बाहेर काढा. ज्यांना खाचरांची नावं अजून सांगता येतात अशी माणसं फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ती याच पावसाळ्याआधी लिहून घ्या.