एक गोणी युरिया आणि १८२८ सालचे कोडे

१/ बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, खामगाव-नांदुऱ्याच्या काळ्या जमिनीत, पावसाने उघडीप दिली की पऱ्हाटीला युरिया दिला जातो. ४५ किलोच्या त्या गोणीमागे रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक मोठे कोडे दडले आहे : घटक तेच, प्रमाण तेच, तरी पदार्थ दोन कसे?

२/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धारणा सरळ होती. पदार्थातील मूलद्रव्ये आणि त्यांचे प्रमाण कळले, की पदार्थ ओळखला गेला. १८२० च्या दशकात तिला तडा गेला. युस्टुस फोन लीबिग यांनी सिल्व्हर फल्मिनेटचे पृथक्करण केले, फ्रीड्रिख व्होलर यांनी सिल्व्हर सायनेटचे. फल्मिनेट हलक्या धक्क्यानेही फुटे. सायनेट तसे नव्हते. आकडे मात्र जुळत होते.

३/ व्होलर यांचे पृथक्करण चुकले असावे, असा संशय लीबिग यांना आला. पडताळणीअंती दोघेही बरोबर ठरले आणि वादातून आयुष्यभराची मैत्री जुळली. मोडीत निघाली ती जुनी धारणा.

४/ १८२८. २७ वर्षांचे व्होलर बर्लिनच्या औद्योगिक शाळेत शिकवत होते. अमोनियम सायनेट करू पाहताना त्यांच्या हाती भलतेच स्फटिक आले. अल्कलीने त्यांतून अमोनिया निघेना, आम्लाने सायनिक आम्ल मिळेना. नायट्रिक आम्ल घालताच मात्र चमकदार स्फटिक पडले. ही तर मूत्रातून मिळणाऱ्या युरियाची खूण! त्यांनी दोन्ही ताडून पाहिले. पदार्थ एकच होता.

५/ अमोनियम सायनेट आणि युरिया, दोहोंत १ कार्बन, १ ऑक्सिजन, २ नायट्रोजन, ४ हायड्रोजन. सायनेटमध्ये चारही हायड्रोजन एकाच नायट्रोजनकडे असतात आणि दुसरा नायट्रोजन कार्बनला जोडलेला असतो. युरियात कार्बनच्या दोन बाजूंना एकेक नायट्रोजन, प्रत्येकाकडे २ हायड्रोजन. हीच रचना समघटकता.

६/ १८३० मध्ये बर्झीलियस यांनी या घटनेला नाव दिले. कारण सापडायला आणखी तीन दशके लागली. कार्बन चार बंध जोडतो, हे १८५८ मध्ये केकुले व कूपर यांनी मांडले. १८६१ मध्ये बुटलेरॉव्ह यांनी रासायनिक रचनेची संकल्पना पुढे आणली. तेव्हापासून समघटक ओळखताना अणू मोजून थांबता येत नाही. कोणता अणू कोणाला जोडला आहे, हे पाहावे लागते. त्याच हिशेबाने ब्युटेनचे समघटक २, पेंटेनचे ३, हेक्झेनचे ५.

७/ आज गोणीतील युरिया अमोनिया व कार्बन डायऑक्साइडपासून तयार होतो. जमिनीतील विकरे त्यातून अमोनिया मोकळा करतात आणि पऱ्हाटी हिरवी होते. पोटॅशियम सायनेट मात्र विसाव्या शतकात तणनाशक म्हणून वापरले गेले. नायट्रोजन तोच, एका जोडणीत पीक पोसणारा, दुसऱ्या जोडणीत तण जाळणारा.