कुकरची शिट्टी आणि कोर्टाची नोटीस

बिबवेवाडीतून पुन्हा एक एपिसोड, आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिखित अवतार.

ऑगस्ट २०२० आठवा. लॉकडाऊन, वर्क फ्रॉम होम, आणि प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘रसोडे में कौन था’. ‘साथ निभाना साथिया’मधला सासूच्या चौकशीचा सीन औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखाटेनं उचलला, तिच्या बोलण्यातले चढउतार सुरात बसवले आणि खाली ठेका टाकला. बास. एका कुकरवरून एवढा गहजब करणारी मालिका आपण किती गंभीर चेहऱ्यानं बघत होतो, ते एका मिनिटात उघडं पडलं.

मराठी पोरगा म्हणून आपली कॉलर ताठ, ते ठीकच. पण ही कात्री जुनी आहे.

१९४८, पॅरिस. पिएर शेफर हा रेडिओतला माणूस, शिक्षणानं इंजिनिअर (बघा, आपलीच जमात!). त्यानं रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले, तबकड्यांवर उलटसुलट जोडले आणि रेडिओवर संगीत म्हणून वाजवले. तबकडीची खाच बंद केली की तोच तुकडा फिरत राहतो, हे त्याचं आवडतं तंत्र. आमच्या गल्लीत फळांची गाडी येते, तिच्या भोंग्यावर एकच रेकॉर्ड केलेलं वाक्य फिरत असतं. दहाव्या वेळी अर्थ गळून पडतो, नुसता सूर उरतो. शेफरला तेच हवं होतं.

त्यात टवाळी आणली ती कॅलिफोर्नियाच्या ‘निगेटिव्हलँड’नं. १९७९ पासूनची ही टोळी. जाहिराती, बातम्या, धर्मोपदेशकांची भाषणं, जे कानावर पडेल ते कापायचं आणि मीडियाच्याच तोंडावर मारायचं. ‘कल्चर जॅमिंग’ हा शब्दही त्यांचाच, १९८४चा.

१९९१ मध्ये त्यांनी ‘यू टू’ नावाची रेकॉर्ड काढली. त्यात यू टू बँडच्या गाण्याचे तुकडे होते, आणि केसी केसम या गोड आवाजाच्या रेडिओ निवेदकाची ऑफ एअर टेप होती. त्याच बँडची ओळख करून देताना वैतागून तो सणसणीत शिव्या घालतोय! कव्हरवर ‘यू टू’ एवढं मोठं, की बँडचीच नवी रेकॉर्ड वाटावी. बँडच्या आयलंड रेकॉर्ड्सनं काही दिवसांतच कोर्ट गाठलं. रेकॉर्ड बाजारातून मागे घ्यावी लागली.

आता गंमत ऐका. पुढच्याच वर्षी एका मासिकासाठी यू टूच्या एजची फोनवर मुलाखत झाली. त्याला न सांगता निगेटिव्हलँडचे दोघे प्रश्न विचारायला बसले होते. त्या वेळी यू टूच्या ‘झू टीव्ही’ दौऱ्यात उपग्रहावरून पकडलेले टीव्हीचे तुकडे स्टेजवर दाखवत होते. प्रश्न साधा होता: याची परवानगी घेतली होती का?

१९९७ मध्ये निगेटिव्हलँडनं पेप्सीच्या जाहिराती कापून ‘डिस्पेप्सी’ हा अल्बम केला. पुन्हा खटला होणार म्हणून कव्हरवर नावाची अक्षरंसुद्धा उलटसुलट छापली. पण पेप्सीनं खटला भरलाच नाही. कंपन्यांना तोवर कळलं असावं, की ओरडलं की टवाळी मोठी होते.

आणि २०२०? २०१७ला संपलेल्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा प्रोमो त्या क्लिपनंतर काही दिवसांतच आला, ऑक्टोबरमध्ये पर्व सुरूही झालं. जिची खिल्ली उडवली, तिलाच फुकटात जाहिरात मिळाली. मला हे नोटिशीपेक्षा जास्त खटकतं. नोटीस आली की निदान टोमणा लागलाय हे तरी समजतं.

शिवाय केसमची टेप आणि सासूचा डायलॉग यांत फरक आहे. एक लपवलेलं बाहेर काढतो, दुसरा आधीच सगळ्यांनी पाहिलेलं पुन्हा दाखवतो. मला दोन्ही आवडतात, पण टोचतो तो पहिलाच.

तुमच्यापैकी जे रील्स कापतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी वापराला मर्यादित सूट आहे, पण विडंबन हा शब्द तिथे नाही. त्यामुळे हक्क ज्याच्याकडे, तो खूश असेल तर तुम्ही व्हायरल, चिडला तर व्हिडिओ गायब.