गणेश वासुदेव जोशींना 'सार्वजनिक काका' का म्हणायचे?

'लोकांच्या वतीने बोलतोय' असं आज कुणीही म्हणतं. पण हा अधिकार दिला कुणी? हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एका वकिलाने गांभीर्याने घेतला होता. त्यांचं नाव गणेश वासुदेव जोशी. जन्म १८२८, साताऱ्यातला.

सभा कशी सुरू झाली?

पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल पुणेकरांच्या तक्रारी होत्या. त्यातून लोकांचे प्रश्न मांडणाऱ्या कायमच्या संस्थेची कल्पना पुढे आली. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. ती उभी करण्यात जोशींचा पुढाकार होता. सभेच्या कामात ते इतके बुडाले की लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले.

सभासद व्हायची अट काय होती?

इथेच सभेचं वेगळेपण दिसतं. सभासद होण्यासाठी किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मग त्या कोणत्याही जातिधर्माच्या असोत. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६ हजार लोकांच्या सह्या होत्या. म्हणजे नुसती तळमळ पुरेशी नव्हती, आधी लोकांचा विश्वास मिळवावा लागे.

काकांनी काय केलं?

१८७२ मध्ये त्यांनी फक्त स्वदेशी कापड वापरण्याची शपथ घेतली. गांधीजींच्या खादी चळवळीच्या कितीतरी आधी! १८७७ च्या दिल्ली दरबारात ते सभेचे प्रतिनिधी म्हणून खादीच्याच कपड्यांत गेले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे या कामात त्यांच्यासोबत होते. काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्रियांसाठी 'स्त्री विचारवती सभा' काढली.

खरी कसोटी कधी लागली?

१८७९ मध्ये. सशस्त्र बंड करणारे वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. पुण्यातल्या पुढाऱ्यांवर सरकारचा आधीच संशय होता. अशा वेळी फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे तो संशय स्वतःवर ओढवून घेणं. काकांचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा, फडक्यांचा शस्त्रांचा. तरीही आरोपीला बचावाची संधी मिळालीच पाहिजे, म्हणून काका कोर्टात उभे राहिले. खटला हरले. फडक्यांना जन्मठेप झाली आणि त्यांची रवानगी एडनला झाली.

मग निःस्वार्थ समाजसेवा ओळखायची कशी?

काकांच्या आयुष्यातून दोन साधे प्रश्न मिळतात. ज्यांच्यासाठी बोलताय, त्यांना विचारलंय का? आणि काहीच पदरात पडणार नसेल, उलट झळ बसणार असेल, तरी हे काम कराल का?

२५ जुलै १८८० रोजी काकांचं निधन झालं. सार्वजनिक सभा त्यांच्यानंतरही चालू राहिली. पुढे गोपाळ कृष्ण गोखले आणि लोकमान्य टिळक, दोघांनीही तिथे काम केलं.